काळ्या पडद्यामागचे चित्र : टर्मिनलच्या पार्श्वभूमीचा इतिहास

#थ्रेड

१/१५
आज एखादा विद्यार्थी टर्मिनलच्या काळ्या खिडकीमागे धुक्यातल्या राजगडाचे छायाचित्र लावतो, त्यावर आज्ञा टंकतो आणि त्याला त्यात काही नवल वाटत नाही. परंतु अक्षरांमागे चित्र ठेवण्याची ही साधी सोय संगणकाच्या इतिहासात फार उशिरा आली. ती कशामुळे अडली होती, कशी सुटली आणि ती सुटूनही आपल्या लिपीपुरते काय अडूनच राहिले, याचा हा मागोवा.

२/१५
आरंभी पडदाच नव्हता, कागद होता. १९६३ मध्ये बाजारात आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापी, तीही केवळ मोठ्या लिपीतली, आणि एका ओळीत ७२. १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली, ती अशाच यंत्रांसमोर बसून. टर्मिनलची पहिली पार्श्वभूमी म्हणजे कागदाचे भेंडोळे! युनिक्समधली ‘टीटीवाय’ ही आज्ञा आजही त्या टेलिटाइपचेच नाव सांगते.

३/१५
पुढे कागदाच्या जागी काच आली. आयबीएमने १९७१ मध्ये ३२७० ही पडद्याच्या टर्मिनलांची मालिका आणली. डेक या कंपनीचे व्हीटी१०० हे टर्मिनल १९७८ चे. त्यावर ८० स्तंभ आणि २४ ओळी मावत. हा ८० चा आकडा पडद्याहून कितीतरी जुना आहे. आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रित कार्डावर ८० स्तंभ होते आणि तेच माप पडद्यावर वारशाने आले. आजही बहुतेक टर्मिनलची खिडकी प्रथम उघडते ती ८० स्तंभांचीच.

४/१५
मग त्या काचेवर चित्र का नव्हते? उत्तर स्मृतीच्या किमतीत आहे. ८० गुणिले २४ म्हणजे १९२० अक्षरे. प्रत्येकाला एक बाइट दिला, तर सारा पडदा २ किलोबाइटच्या आत मावतो. तोच पडदा ठिपक्याठिपक्याने साठवायचा झाल्यास त्याच्या दसपटीहून अधिक स्मृती लागे, आणि त्या काळी ती अतिशय महाग होती. म्हणून टर्मिनल फक्त ‘कोणत्या घरात कोणते अक्षर’ एवढेच लक्षात ठेवी. बुद्धिबळाच्या पटासारखी घरे आखलेली, आणि प्रत्येक घरात एक सोंगटी. चित्राला त्या पटावर जागाच नव्हती.

५/१५
येथे एक रूढ समज तपासून घेऊ. जुने टर्मिनल म्हटले की काळ्यावर हिरवी अक्षरे डोळ्यांसमोर येतात. १९९९ च्या ‘द मॅट्रिक्स’ चित्रपटाने ती प्रतिमा अधिकच ठसवली. पण सर्वाधिक गाजलेले व्हीटी१०० पांढऱ्या अक्षरांचे होते. रंग ठरे तो काचेच्या आतील बाजूस लावलेल्या फॉस्फरच्या लेपावर. १९८३ च्या व्हीटी२२० मध्ये पांढरा, हिरवा किंवा अंबरी अशी निवड होती, पण ती यंत्र खरेदी करतानाच करावी लागे. एकदा यंत्र आले की रंग कायमचा.

६/१५
तरीही वापरणाऱ्याच्या आवडीला पहिली फट मिळाली ती व्हीटी१०० मध्येच. त्याच्या ‘सेट-अप’मध्ये जाऊन सारा पडदा उलटा करता येई : उजळ पार्श्वभूमी, गडद अक्षरे. ती निवड यंत्र बंद केल्यावरही टिकवता येत असे. आणि १९७९ च्या अमेरिकन मानकाने आठ रंगांचे संकेत ठरवले : अक्षरांसाठी ३० ते ३७, पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७. आजच्या अत्याधुनिक टर्मिनललाही हेच आकडे समजतात.

७/१५
खरे वळण १९८४ चे. एमआयटीमध्ये एक्स ही खिडक्यांची प्रणाली आकार घेत होती. त्याच उन्हाळ्यात मार्क व्हँडेव्हूर्ड या विद्यार्थ्याने ‘एक्सटर्म’ लिहायला घेतले. टर्मिनल हे यंत्र उरले नाही. यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम झाला. या बदलाचे महत्त्व मोठे आहे. फॉस्फर बदलण्यासाठी कारखाना लागतो, प्रोग्रॅमचा रंग बदलायला मजकुराच्या एका फाइलीत एक ओळ पुरते. टर्मिनलच्या रूपाची मालकी कारखानदाराकडून वापरणाऱ्याकडे आली ती येथे.

८/१५
या मालकीचा पुरेपूर उपभोग घेतला तो १९९० च्या दशकातील लिनक्सच्या तरुण वापरकर्त्यांनी. कार्स्टन हाइट्झलर यांच्या ‘एन्लाइटनमेंट’ या खिडकी-व्यवस्थापकाच्या परिवारात ‘ईटर्म’ नावाचे टर्मिनल वाढले. त्यात अक्षरांमागे चित्र लावता येई, चित्रावर रंगाची छटा चढवता येई, आणि संपूर्ण रूप ‘थीम’ म्हणून दुसऱ्याला देता येई. आपल्या पडद्याची छायाचित्रे एकमेकांना मिरवून दाखवण्याची हौस तेथेच रुजली.

९/१५
त्या काळातली सर्वांत गमतीदार करामत म्हणजे खोटी पारदर्शकता. एक्स प्रणालीला तेव्हा अर्धपारदर्शक खिडकी ठाऊकच नव्हती. मग टर्मिनल काय करी? मुख्य पडद्यावरच्या वॉलपेपरचा नेमका आपल्याखालचा तुकडा नकलून घेई आणि तोच स्वतःची पार्श्वभूमी म्हणून रंगवी. खिडकी सरकवली की नवा तुकडा. पाहणाऱ्याला वाटे, काच आरपार आहे. पण दोन खिडक्या एकमेकींवर ठेवल्या की सोंग उघडे पडे : वरच्या खिडकीतून खालची खिडकी न दिसता थेट वॉलपेपरच दिसे!

१०/१५
खरी पारदर्शकता आधी मॅकवर आली. २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये प्रत्येक खिडकी प्रथम स्वतंत्रपणे रंगवून मग सर्व थर एकत्र मिसळले जात. लिनक्सच्या जगात हीच सोय सप्टेंबर २००४ मधील एक्स-ऑर्गच्या ६.८ आवृत्तीने, ‘कॉम्पोझिट’ या जोडणीद्वारे आणली. खोटी काच काढून खरी बसवली गेली.

११/१५
प्रत्येक हौसेला तिचा विरोधक भेटतोच. चित्रामुळे अक्षरे वाचता येत नाहीत, आणि टर्मिनल तर वाचण्यासाठीच आहे, हा आक्षेप खोटा नव्हता. २०११ मध्ये ईथन शूनओव्हर यांनी ‘सोलराइज्ड’ ही सोळा रंगांची योजना मांडली, ती रंगांमधील उजेडाचा फरक मोजूनमापून. २०१३ च्या सुमारास ग्नोम टर्मिनलने तर पार्श्वचित्र आणि पारदर्शकता दोन्ही काढून टाकल्या. वापरकर्ते रागावले, आणि काही लिनक्स वितरणांनी पारदर्शकता स्वतःच्या जबाबदारीवर परत जोडली. सजावट ही क्षुल्लक बाब असती, तर इतका वाद झालाच नसता.

१२/१५
मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज टर्मिनल’ जाहीर केले. मे २०२० मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. त्यात पार्श्वचित्र ही अधिकृत सोय ठरली, अगदी हलती जिफ चित्रेसुद्धा. चित्राची ठळकता ० ते १ या आकड्यात ठरते, ०.२ च्या आसपास ठेवले तर चित्र सावलीसारखे मागे राहते आणि अक्षरे पुढे येतात. आणि गंमत पाहा, त्याच प्रोग्रॅममध्ये जुन्या काचेच्या आडव्या रेघा आणि अक्षरांची झळाळी नकलणारी प्रायोगिक सोयही आहे. ज्या मर्यादेतून सुटण्यासाठी चाळीस वर्षे गेली, तिची आठवण आता हौसेने लावली जाते.

१३/१५
आता पहिल्या भागातील विद्यार्थ्याकडे परत येऊ. राजगडाच्या चित्रावर तो ‘किल्ला’ हा शब्द टंकतो, आणि कित्येक टर्मिनलांत तो शब्द मोडतो. आपल्या डोळ्यांना त्यात दोन अक्षरे दिसतात. साठवणीत मात्र सहा चिन्हे असतात. पहिली वेलांटी साठवली जाते ‘क’ नंतर, पण काढायची असते त्याच्या आधी. या सहा चिन्हांना पटावर किती घरे द्यायची, यावर टर्मिनल आणि त्यात चालणारा प्रोग्रॅम यांचे एकमत झाले नाही, तर कर्सर भलतीकडेच उभा राहतो. मोडी लिहिणारा कारकून आधी अख्ख्या ओळीची रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे लिही. आमच्या लिपीचा स्वभाव सलग रेघेचा, टर्मिनलचा स्वभाव सुट्या घरांचा.

१४/१५
हा प्रश्न आपल्याकडे कोणाला पडलाच नव्हता, असे मात्र नाही. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते पुढे वाढले. जिस्ट कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस प्रोग्रॅममध्येही भारतीय लिपी उमटे. युनिक्ससाठी जिस्ट टर्मिनलेही होती. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचे मानक पक्के झाले. या मंडळींनी पडद्याची सजावट केली नाही. पडद्याला आपली अक्षरे जुळवायला शिकवले.

१५/१५
कागद गेला, फॉस्फर गेला, खोटी काचही गेली. टिकून राहिली ती १९२८ च्या कार्डावरून आलेली घरांची चौकट. पार्श्वचित्र आपण बदलू शकतो, कारण १९८४ नंतर टर्मिनल हा केवळ प्रोग्रॅम आहे. त्याच न्यायाने ती चौकटही बदलता येण्याजोगी आहे. यांपैकी अनेक टर्मिनलांचा मूळ प्रोग्रॅम खुला आहे, आणि काहींमध्ये जोडाक्षरे आता बरीच नीट दिसू लागली आहेत. तेव्हा गडाचे चित्र जरूर लावावे. पण एकदा त्यावर ‘किल्ला’ असे टंकून पाहावे, आणि मोडला तर तो का मोडला याच्या मुळाशी जावे. जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

लेखनसीमा.