चिनी ओळख आणि एक मराठी डॉक्टर

नागपूरहून मुंबईस येणारी गाडी १९३८ सालीं इगतपुरीस थांबली म्हणजे तिचें वाफेचें इंजिन सोडून थळ घाटासाठीं विजेचें इंजिन जोडीत असत. डबे तेच, उतारू तेच. पण पुढील प्रवासाचें साधन निराळें. त्याच सालीं नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. कोटणीस ह्यांना नांवांच्या बाबतींत असाच पालट स्वीकारावा लागला.

जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ काँग्रेसनें धाडलेलें पांच डॉक्टरांचें पथक १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबईहून निघालें. मराठी माणूस ओळख करून देतो ती स्वतःपासून: प्रथम द्वारकानाथ, मग वडिलांचें नांव शांताराम, शेवटीं कोटणीस. चिनी रीत उलट. तेथें कुळ आधीं, व्यक्ति मागून. जुन्या सभ्य बैठकींत पाहुण्याला त्याचें ‘थोर’ आडनांव विचारावयाचें, आणि त्यानें आपलें ‘क्षुद्र’ आडनांव सांगावयाचें, असा शिष्टाचार असे. कम्युनिस्ट सैन्यांत मात्र ‘थुंगची’, म्हणजे कॉम्रेड, हें एकच संबोधन शिपायाला व सेनापतीला पुरे. उत्तरेकडील खेडुताला आडनांवापुढें ‘ताइफू’, म्हणजे डॉक्टर, एवढें सांगितलें कीं झालें.

शांतिनिकेतनांतील चीनभवनाचे प्राध्यापक तान युन-शान ह्यांनीं पांचहि डॉक्टरांना चिनी नांवें दिलीं. प्रत्येकाच्या अखेरीस चीनवाचक ‘ह्वा’ हें अक्षर होतें. कोटणीस झाले ‘क दिह्वा’.

नांव घेणें सोपें. तें सार्थ करणें अवघड. तिघे सहकारी १९४० पर्यंत परतले. कोटणीस व बसू मागें राहिले. कोटणीसांनीं चिनी भाषा इतकी आत्मसात् केली कीं, ते तींतून वैद्यकाचे पाठ देऊं लागले. जानेवारी १९४१ मध्यें बेथ्यून रुग्णालयाचें प्रमुखपद त्यांच्याकडे आलें. त्याच वर्षीं परिचर्येच्या शिक्षिका क्वो छिंग-लान ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्यें पुत्र झाला. त्याचें नांव ‘यिन्-ह्वा’. ‘यिन्’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन.

पुत्र चार महिन्यांचाहि झाला नव्हता, तोंच ९ डिसेंबर १९४२ रोजीं कोटणीसांचा अंत झाला. वय अवघें ३२. सोलापूर त्यांना कोटणीस म्हणून स्मरतें. शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमींत ते ‘क दिह्वा’ आहेत. परक्या भाषेंत स्वतःची ओळख देण्यास शब्द थोडेच लागतात. ते खरे ठरविण्यास कोटणीसांना उरलेलें सारें आयुष्य वेंचावें लागलें.