आर्वीचे भूस्थानक आणि इंटेलसॅटची भागीदारी : एक आर्थिक इतिहास

कृत्रिम उपग्रहांचा इतिहास बहुधा प्रक्षेपणाच्या तारखांनी सांगितला जातो. त्यांचा व्यापार मात्र भांडवल कोणी घालावयाचे आणि भाडे कोणी भरावयाचे, या जमिनीवरील प्रश्नांतून उभा राहिला. पुणे जिल्ह्यातील आर्वीचे (वर्धा जिल्ह्यातील नव्हे) भूस्थानक या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

२० ऑगस्ट १९६४ रोजी इंटेलसॅट ही आंतरराष्ट्रीय संघटना अस्तित्वात आली. ६ एप्रिल १९६५ रोजी सोडलेल्या ‘अर्ली बर्ड’ या तिच्या पहिल्या उपग्रहावर २४० दूरध्वनी मार्गांची सोय होती. १९५६ मध्ये अटलांटिक महासागरातून टाकलेल्या पहिल्या दूरध्वनी केबलवर आरंभी केवळ ३६ मार्ग होते. या संघटनेचे उपग्रह सभासदांच्या सामाईक मालकीचे होते, भूस्थानक मात्र ज्याचे त्याने बांधावयाचे होते. एकाच प्रकारच्या सेवेस सर्व मार्गांवर सारखा दर आकारला जाई. त्यामुळे अटलांटिकवरील वर्दळीच्या मार्गांनी आफ्रिका व आशियातील तुरळक मार्गांचा भार वाहिला. यास निव्वळ औदार्य म्हणता येणार नाही. आरंभी कॉमसॅट या अमेरिकन कंपनीकडे ६१ टक्के वाटा होता, आणि शीतयुद्धाच्या काळात नवस्वतंत्र देशांना आपल्या जाळ्यात सामील करून घेणे अमेरिकेच्या हिताचेच होते.

भारताचा परदेशी संपर्क तोवर मुख्यत्वे लघुलहरी रेडिओवर अवलंबून होता. १९२७ पासून खडकीहून संदेश पाठविले जात व दौंड येथे ते घेतले जात. वातावरणाच्या लहरीनुसार ही सेवा क्षीण होई. जुलै १९६९ मध्ये इंटेलसॅटची व्याप्ती हिंदी महासागरापर्यंत पोहोचली आणि १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे भारताचे पहिले व्यापारी भूस्थानक सुरू झाले. पुढे त्यास विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले. १९६७ मध्ये अहमदाबाद येथे उभारलेल्या प्रायोगिक भूस्थानकातील अनुभव येथे कामी आला. उपग्रहात भारत अल्प वाट्याचा भागीदार होता. जमिनीवरील खर्च मात्र सर्वस्वी त्याचा होता, आणि तंत्रज्ञानाचे शिक्षण झाले ते या खर्चाच्या बाजूनेच.

समान दराच्या या व्यवस्थेस धक्का बसला तो १९८८ मध्ये. त्या वर्षी अटलांटिकमधून ऑप्टिकल फायबरची पहिली केबल टाकली गेली आणि पॅनॲमसॅट या खाजगी कंपनीने आपला पहिला उपग्रह सोडला. नफ्याचे मार्ग प्रतिस्पर्ध्यांनी उचलल्यावर तोट्याच्या मार्गांचा भार वाहणार कोण? खाजगीकरणाचे श्रेय वा दोष सामान्यतः धोरणकर्त्यांना दिला जातो. परंतु काचेच्या तंतूने तो पाया आधीच पोखरला होता. १८ जुलै २००१ रोजी इंटेलसॅट खाजगी कंपनी झाली. दुर्बल देशांची सेवा खंडित होऊ नये, एवढी देखरेख तेवढी एका लहानशा आंतरसरकारी संस्थेकडे राहिली. फेब्रुवारी २००२ मध्ये आर्वीची मालकी असलेल्या विदेश संचार निगमातील २५ टक्के हिस्सा टाटा समूहास विकण्यात आला. इंटेलसॅटने २००६ मध्ये पॅनॲमसॅट विकत घेतली, २०२० मध्ये दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागितले, आणि जुलै २०२५ मध्ये ती लक्झेंबर्गच्या एसईएस कंपनीच्या मालकीची झाली.