खनिज तेलातील गंधक-संयुगांचे वर्णलेखन

पेट्रोल, केरोसीन, डिझेल इ. खनिज तेलाच्या अंशांतील गंधकयुक्त संयुगे हायड्रोकार्बनांपासून वेगळी काढण्याची व ओळखण्याची पद्धत. हलक्या अंशांत गंधक मुख्यतः मरकॅप्टने व सल्फाइडे यांच्या, तर जड अंशांत थायोफीन गटातील वलयी संयुगांच्या रूपात असतो.

मरकॅप्टने उग्र वासाची व किंचित अम्लधर्मी. हलक्या अंशांतून ती कॉस्टिक सोड्याने धुऊन काढता येतात. खरी अडचण थायोफिनांची. थायोफीन ८४° से. ला उकळते, बेंझीन ८०° से. ला, शिवाय दोहोंचे रासायनिक वर्तनही मिळतेजुळते. कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या बेंझिनात थायोफीन इतके बेमालूम मिसळलेले असे, की त्याच्यामुळे इसॅटिनाबरोबर येणारा निळा रंग बेंझिनाचाच गुण समजला जाई. १८८२ मध्ये व्हिक्टर मायर यांनी हा गैरसमज दूर केला.

सिलिका जेल भरलेल्या स्तंभात नमुना घालून वरून हेक्झेन सोडले, की संपृक्त हायड्रोकार्बने आधी खाली उतरतात. नंतर टोल्यूईन सोडल्यावर ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने येतात. पण थायोफिनेही त्यांच्याबरोबरच येतात. म्हणजे साधा स्तंभ निम्मेच काम करतो. पुढच्या कामासाठी गंधकाच्या अणूला धातूंची असलेली ओढ उपयोगी पडते. सिलिकेवर सिल्व्हर नायट्रेट चढवल्यास सल्फाइडे अडकतात. पॅलेडियम क्लोराइड चढवल्यास डायबेंझोथायोफिने मागे राहतात; डायएथिल अमाइन मिसळून ती धातूपासून सोडवून घेतात. थायोफिनांचे ऑक्सिडीकरण करून अधिक ध्रुवीय सल्फोने बनवणे, ती स्तंभावर वेगळी करणे व पुन्हा मूळ रूपात आणणे हा दुसरा मार्ग. मात्र या फेऱ्यात नमुन्याचा काही भाग वाया जातो.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या १९४८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्प क्र. ४८ मध्ये टेक्सासमधील वॉसन क्षेत्राच्या तेलातून अशी अनेक संयुगे ओळखण्यात आली. आज वायू वर्णलेखन व गंधक तेवढाच टिपणारा शोधक ही जोडी वापरात आहे. ज्वाला-प्रकाशमापी शोधक स्वस्त, पण सोबत हायड्रोकार्बने आल्यास त्याचा प्रतिसाद मंदावतो. रासायनिक दीप्तीवर चालणारा शोधक अधिक भरवशाचा.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा दर दहा लाख भागांत १० भाग आहे. हायड्रोजन-प्रक्रियेला सर्वांत चिवट ठरणारे ४,६-डायमिथिल डायबेंझोथायोफीन डिझेलमध्ये किती उरले, हे अशा वर्णलेखावरूनच कळते.