शेतात पडलेली होडी आणि पृथ्वीप्रदक्षिणा

शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला नाविक म्हणजे जोशुआ स्लोकम. प्रवासाइतकेच त्याचे सुतारकामही विलक्षण आहे. हा धागा त्याविषयी.

साल १८९२. वाफेच्या जहाजांनी शिडांचे युग संपवत आणले होते आणि कप्तान स्लोकम बेकार होता. एका मित्राने त्याला अमेरिकेतील फेअरहेवन येथे ‘जहाज’ देऊ केले. प्रत्यक्षात ती निघाली शेतात टेकू देऊन ठेवलेली, कालवे काढण्याची जीर्ण होडी : ‘स्प्रे’.

१३ महिने आणि ५५३.६२ डॉलर! जवळचाच ओक तोडून नवा कणा घातला, मग फासळ्या, मग फळ्या. जुने लाकूड जवळजवळ उरलेच नाही. नाव तेवढे राहिले. ३६ फूट ९ इंच लांबीच्या त्या होडीत दोन खोल्या होत्या : एक स्वयंपाकाची, दुसरी निजण्याची (तेच त्याचे ग्रंथालय!).

एप्रिल १८९५ मध्ये बोस्टन सोडल्यावरही काम चालूच राहिले. ब्युनोस आयरेसला त्याने डोलकाठी ७ फुटांनी आखूड केली. मॅजेलनच्या सामुद्रधुनीत मागे आणखी एक छोटी काठी उभारली. मोठे शीड एकट्याला आवरणे जड जात होते, ते आता लहान झाले.

सुकाणू बांधून ठेवले की स्प्रे आपला मार्ग आपणच धरी. थर्सडे बेट ते कीलिंग बेटे हे २७०० मैल तिने २३ दिवसांत कापले. त्यात स्लोकम जेमतेम तीन तास सुकाणूवर होता.

जून १८९८ मध्ये तो न्यूपोर्टला परतला. थोड्याच दिवसांत फेअरहेवनला जाऊन, जलावतरणाच्या वेळी स्प्रे ज्या खुंटाला बांधली होती, त्याच खुंटाला त्याने ती पुन्हा बांधली.