गॉड ऑफ वॉर २

गॉड ऑफ वॉर २ हा ग्रीक पुराणकथांच्या जगात घडणारा, हातघाईच्या लढाईवर उभा असलेला व्हिडिओ गेम आहे. अमेरिकेतील सँटा मोनिका स्टुडिओने तो प्लेस्टेशन २ या कन्सोलसाठी तयार केला आणि सोनीने १३ मार्च २००७ रोजी उत्तर अमेरिकेत विक्रीला आणला. २००५ मधील ‘गॉड ऑफ वॉर’चा हा सीक्वेल असून पहिल्या भागाची कथा जिथे संपते, त्यानंतर थोड्याच काळाने याची सुरुवात होते. स्पार्टाचा सेनानी क्रेटोस हा दोन्ही भागांचा नायक आहे. त्याला नायक म्हणायचे ते केवळ खेळाची सूत्रे त्याच्याभोवती फिरतात म्हणून, कारण दया, संयम यांपैकी फारसे काही त्याच्याजवळ नाही.

पहिल्या भागाचे दिग्दर्शन डेव्हिड जॅफी यांनी केले होते. दुसऱ्या भागाच्या वेळी ते सर्जनशील दिग्दर्शकाच्या भूमिकेत गेले आणि दिग्दर्शनाची जबाबदारी कोरी बार्लॉग यांच्याकडे आली. बार्लॉग पहिल्या भागाचे प्रमुख अ‍ॅनिमेटर होते. या खेळातल्या प्रत्येक घावाला जे वजन जाणवते, त्यामागे ही पार्श्वभूमी असावी. गेम बाजारात आला तेव्हा प्लेस्टेशन ३ येऊन चार महिने होत आले होते. तरीही निर्मात्यांनी जुन्याच यंत्राची निवड केली. लक्षावधी घरांत ते होते, आणि त्याच्याकडून किती काम करून घेता येते याचा अंदाज चमूला पहिल्या भागामुळे आला होता. अवाढव्य पुतळे, शेकडो फूट खोल दऱ्या आणि पडद्यावर एकाच वेळी धावून येणारे शत्रू इतक्या सफाईने दाखवणारे खेळ त्या यंत्रावर थोडेच निघाले.

कथेच्या आरंभी क्रेटोस युद्धदेव आहे. एरीसला ठार करून त्याने ते पद मिळवले आहे आणि आता तो स्पार्टाच्या सैन्यासाठी ग्रीसची नगरे उद्ध्वस्त करीत सुटला आहे. ऱ्होड्स बेटावरील हल्ल्यात एक गरुड त्याची शक्ती काढून घेतो आणि तिथल्या प्रचंड पुतळ्यात प्राण ओततो. पुतळ्याला हरवण्यासाठी झ्यूस त्याला ऑलिंपसची तलवार देऊ करतो, पण तिच्यात उरलेली सगळी दैवी शक्ती ओतण्याची अट घालतो. पुतळा कोसळतो आणि मर्त्य झालेला क्रेटोस त्याच्याखाली सापडतो. मग गरुडाच्या रूपात आपणच होतो हे झ्यूस उघड करतो आणि त्याच तलवारीने त्याला ठार मारतो. पाताळात ओढल्या जाणाऱ्या क्रेटोसला पृथ्वीमाता गाइया वाचवते आणि काळ मागे फिरवण्याचा मार्ग सांगते : नियतीच्या तीन बहिणींना गाठायचे, आणि झ्यूसने दगा दिला त्या क्षणी परत जायचे. पुढचा बहुतेक प्रवास या बहिणींच्या बेटावरचा आहे. शेवटच्या झुंजीत झ्यूसला वाचवताना अथेना मरते आणि मरताना क्रेटोस हा झ्यूसचाच मुलगा असल्याचे सांगते. बापाला उलथवून सत्ता घेण्याची ही परंपरा झ्यूसचा बाप क्रोनस याच्यापासूनची आहे. क्रेटोस भूतकाळातल्या टायटनांना घेऊन येतो, ते ऑलिंपस पर्वत चढू लागतात आणि खेळ तिथेच, ऐन चढाईत थांबतो. पुष्कळ खेळाडूंना हा शेवट अर्धवट वाटला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

या खेळाचे खरे कर्तृत्व त्याच्या लढाईत आहे. क्रेटोसचे मुख्य शस्त्र म्हणजे ‘ब्लेड्स ऑफ अथेना’, मनगटांना साखळ्यांनी जखडलेली दोन पाती. दांडपट्टा फिरवणाऱ्याभोवती जसे कोणी फिरकू शकत नाही, तसे या पात्यांच्या फेऱ्यात सापडलेला प्रत्येक शत्रू मार खातो. एकट्या माणसाने दहा जणांशी लढायचे, तर नेम धरण्याला वेळ नसतो. साखळीची लांबी आणि घावाची रुंदी यांनी ती अडचण सुटते, आणि खेळाडूचे लक्ष नेमाऐवजी वेळ, अंतर आणि क्रम यांवर राहते. चौकोनाचे बटण हलका व जलद घाव घालते, त्रिकोणाचे जड व संथ. वर्तुळाने शत्रूला पकडता येते. त्रिकोण दाबून धरला की शत्रू हवेत उडतो आणि त्याच्यामागे उडी घेऊन जमिनीवर येण्याआधीच त्याला पुन्हा पुन्हा मारता येते. दोनदा चौकोन आणि एकदा त्रिकोण या साध्या क्रमातून ‘प्लूम ऑफ प्रोमिथियस’ नावाचा ज्वालांचा फटका निघतो. पहिल्या तासात शिकलेला हा क्रम पुष्कळजण शेवटच्या प्रसंगापर्यंत वापरतात.

बचावाची बाजूही तितकीच विचारपूर्वक बांधली आहे. एल-वन बटण धरले की पाती अंगापुढे येऊन बहुतेक घाव अडवतात. उजवी कांडी कोणत्याही दिशेला ढकलली की क्रेटोस कोलांटी घेऊन निसटतो. त्या काळच्या अनेक खेळांत उजवी कांडी कॅमेरा फिरवण्यासाठी असे. इथे कॅमेरा निर्मात्यांनीच प्रत्येक दालनासाठी ठरवून ठेवला असल्याने ती कांडी बचावासाठी मोकळी झाली. या एका निर्णयाचे दोन परिणाम झाले. खेळाडूला लढताना दृश्य सावरत बसावे लागत नाही, आणि निर्मात्यांना प्रत्येक लढाई चित्रपटातल्या चौकटीसारखी रचता येते. मात्र कधी कधी शत्रू चौकटीबाहेर उभा राहून बाण मारतो आणि तो कुठे आहे हे कळत नाही. ही तक्रार पहिल्या भागापासूनची असून दुसऱ्यातही पुरती मिटलेली नाही.

सीक्वेलने लढाईत घातलेली सर्वांत मोलाची भर म्हणजे सोनेरी लोकर. ती दंडावर चिलखतासारखी बसते. शत्रूचा घाव अंगावर पडण्याच्या नेमक्या क्षणी बचावाचे बटण दाबले, तर तो घाव उलटतो. जादूचे गोळे मारणाऱ्याकडे परततात आणि गॉर्गनची दगड करणारी नजरही तिच्यावरच फिरवता येते. पहिल्या भागातही वेळ साधून घाव परतवता येत असे, पण लोकरीमुळे ते कसब खेळाच्या मध्यभागी आले. क्षणभर लवकर किंवा उशिरा बटण दाबले तर लोकर काहीच कामाची नाही. बेधडक बटणे बडवणाऱ्याला आणि शत्रूची हालचाल वाचणाऱ्याला एकच लढाई दोन निरनिराळ्या लढायांसारखी वाटते, ती यामुळे.

पात्यांखेरीज क्रेटोसला एका रानटी राजाचा हातोडा आणि ‘स्पिअर ऑफ डेस्टिनी’ नावाचा भाला मिळतो. हातोडा जड, संथ आणि मृतात्म्यांना बोलावणारा आहे, तर भाला दूरवर पोचणारा आहे. दोन्ही गमतीचे असले तरी त्यांचा उपयोग मर्यादितच. शस्त्रांची ताकद वाढवण्यासाठी लाल गोळे खर्च करावे लागतात, आणि शहाणा खेळाडू ते आधी पात्यांवरच घालतो. जादूचे चार प्रकार मिळतात : टायफॉनच्या डोळ्यातून काढलेले वाऱ्याचे धनुष्य, क्रोनसने दिलेली वीज, युरिएलीचे शत्रूला दगड करणारे मस्तक आणि अ‍ॅटलसचा भूकंप. संताप वाढत जाऊन भरणारे ‘रेज ऑफ द टायटन्स’चे मापकही आहे. पहिल्या भागातला संताप एकदा सुरू केला की संपेपर्यंत चालत असे. इथे तो खेळाडूला हवा तेव्हा सुरू आणि हवा तेव्हा बंद करता येतो. बदल छोटा दिसतो, पण त्यामुळे संताप जपून वापरण्याजोगी पुंजी झाला.

अर्धमेल्या शत्रूच्या डोक्यावर चिन्ह उमटते. वर्तुळ दाबले की पडद्यावर बटणांची खूण दिसू लागते आणि ती वेळेत पाळली तर क्रेटोस त्या शत्रूला क्रूरपणे संपवतो. सायक्लॉप्सचा डोळा उपटणे, गॉर्गनचे मुंडके पिळून काढणे हे प्रकार याच पद्धतीचे. असे केल्यास काही राक्षसांकडून आरोग्याचे हिरवे किंवा जादूचे निळे गोळे मिळतात, म्हणून रक्तपातालाही हिशेब असतो : जीव कमी असताना कोणाला कसे मारायचे, हे ठरवावे लागते. सलग घावांची मोजणीही चालू असते आणि ती वाढली की लाल गोळे अधिक मिळतात. बटणांच्या खुणांची ही पद्धत पुढे इतर कंपन्यांच्या असंख्य खेळांनी उचलली. बहुतेकांनी तिचे दृश्य तेवढे घेतले आणि तिच्यामागचा हिशेब सोडून दिला.

पुराणकथांशी या खेळाचे नाते लुटारूचे आहे. क्रेटोसला वाटेत भेटणारा जवळजवळ प्रत्येकजण मरतो किंवा काही देऊन जातो, आणि ते काहीतरी लगेच शस्त्र, साधन किंवा शक्ती बनते. जेसनला एक सर्बेरस खात असतो. त्या श्वापदाला मारून क्रेटोस सोनेरी लोकर घेतो. मूळ कथेत जेसन म्हातारपणी आपल्याच आर्गो जहाजाचा तुकडा अंगावर पडून मरतो. इकारस इथे समुद्रात बुडालेला कोवळा मुलगा नसून दाढी वाढलेला वेडा म्हातारा आहे. त्याचे पंख क्रेटोस हिसकावतो आणि पुढे लांब दऱ्या तरंगत ओलांडतो. प्रोमिथियसला पुराणात हेराक्लीस सोडवतो. इथे क्रेटोस त्याला ऑलिंपसच्या अग्नीत टाकून त्याच्या यातना संपवतो आणि त्याच्या राखेतून टायटनांचा संताप मिळवतो. हेसिअडच्या ‘थिओगनी’त तीन गॉर्गन बहिणींपैकी फक्त मेडुसा मर्त्य आहे, युरिएली अमर. खेळाला मात्र तिचे मस्तक हवे असल्याने ती मरते. हेसिअडचा अ‍ॅटलस आकाश पेलतो, खेळातला जगाचा भार पेलतो. ऱ्होड्सचा पुतळा तर इतिहासातलाच : लिंडोसच्या कॅरीसने इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या आरंभी उभारलेला, सुमारे ३३ मीटर उंच, सूर्यदेव हीलिओसचा, भूकंपात कोसळलेला. पुराणकाळाशी त्याचा संबंध नाही. निर्मात्यांना पहिल्याच प्रसंगासाठी भव्य शत्रू हवा होता आणि तो त्यांनी उचलला. पुराणाशी प्रामाणिक राहण्याचा आव खेळ कुठेच आणत नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

पहिल्या भागात मोठे ‘बॉस’ म्हणजे प्रमुख शत्रू अवघे तीन होते, आणि ती उणीव टीकाकारांनी दाखवून दिली होती. सीक्वेलने ती भरपूर भरून काढली. पुतळ्याची लढाई तर खेळ सुरू होताच येते आणि बराच वेळ टप्प्याटप्प्याने चालते : कधी बाहेरून, कधी त्याच्या पोटात शिरून. थिसियस दुहेरी टोकाच्या भाल्याने लढतो आणि छतावर चढून मिनोटॉर सोडतो. पर्सियस अदृश्य होतो, तेव्हा पायाखालच्या पाण्यातली खळबळ पाहून त्याचा माग काढावा लागतो. त्याला आवाज दिला आहे हॅरी हॅम्लिन यांनी, ज्यांनी १९८१ च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ या चित्रपटात पर्सियसची भूमिका केली होती. रे हॅरीहाउझेन यांच्या चलत्पुतळ्यांचा तो चित्रपट या मालिकेच्या प्रेरणांपैकी एक, त्यामुळे ही निवड सहज झालेली नाही. लॅकेसिस आणि अ‍ॅट्रोपॉस या नियतीच्या बहिणींची लढाई सर्वांत कल्पक आहे. अ‍ॅट्रोपॉस क्रेटोसला पहिल्या भागातल्या एरीसशी झालेल्या झुंजीच्या क्षणी ओढून नेते आणि ज्या महाकाय तलवारीने त्याने एरीसला मारले, ती मोडण्याचा प्रयत्न करते. जुन्या खेळाचा शेवट पुसला जाऊ नये म्हणून नव्या खेळात लढायचे, असा हा प्रसंग आहे. तिसरी बहीण क्लोथो तिच्याच अवाढव्य विणकामयंत्राच्या पात्याने मारली जाते.

क्रेटोसला टी. सी. कार्सन यांचा, अ‍ॅटलसला मायकेल क्लार्क डंकन यांचा आणि गाइयाला लिंडा हंट यांचा आवाज आहे. हंट पहिल्या भागाच्या निवेदिका होत्या. ते निवेदन गाइयाचेच होते, हे इथे कळते.

समीक्षकांनी गेमचे जोरदार स्वागत केले. मेटाक्रिटिक या संकलनात त्याला १०० पैकी ९३ गुण आहेत, आणि त्या वर्षी बाफ्टाचे कथा व व्यक्तिरेखा तसेच तांत्रिक कामगिरी असे दोन पुरस्कार त्याला मिळाले. कथेचा पुरस्कार थोडा चकित करतो, कारण क्रेटोसची व्यक्तिरेखा पहिल्या भागात अपराधाच्या ओझ्याने खोल झाली होती आणि दुसऱ्यात ती बव्हंशी सूडापुरती उरली आहे. दोषही आहेत. पेटाऱ्या ढकलण्याची कोडी मधूनच लढाईची लय तोडतात. एका प्रसंगात निरपराध विद्वानाला ग्रंथ वाचायला लावून त्याचे डोके त्याच ग्रंथावर आपटावे लागते, आणि तिथे हिंसेला कोणताही हिशेब नाही. स्त्रियांचे चित्रणही त्या काळच्या पुरुषी बाजारपेठेकडे पाहून केलेले आहे.

२००९ मध्ये ब्लूपॉइंट गेम्सने पहिले दोन्ही भाग सुधारित चित्रदर्जासह प्लेस्टेशन ३ वर आणले. अर्धवट राहिलेली चढाई मार्च २०१० मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात त्याच क्षणापासून पुढे सुरू होते. ठरलेला कॅमेरा, उजव्या कांडीची कोलांटी आणि चौकोन-त्रिकोणाचे घाव ही मांडणी २०१३ च्या ‘असेन्शन’पर्यंत टिकली. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये कॅमेरा क्रेटोसच्या खांद्यामागे आला आणि त्याच्या हाती आधी कुऱ्हाड आली. हा बदल करणारे दिग्दर्शक कोरी बार्लॉगच होते.