ऐच्छिक विषय, एकक आणि निवडीचे स्वातंत्र्य : अमेरिकन हायस्कुलाच्या इतिहासातील एक प्रश्न

चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने पुढील चार वर्षांत कोणते विषय, कोणत्या क्रमाने आणि किती काळ शिकावेत हा प्रश्न वरकरणी शाळेच्या वेळापत्रकाचा वाटतो. वस्तुतः तो विद्यार्थ्याच्या भवितव्याविषयी निर्णय कोणी घ्यावयाचा, याचा प्रश्न आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याची जेवढी चर्चा झाली तेवढी क्वचितच अन्य देशात झाली असेल. ऐच्छिक विषयांची संख्या जसजशी वाढली तसतसे विद्यार्थ्याचे स्वातंत्र्यही वाढले, असे या इतिहासाचे सामान्यतः केले जाणारे आकलन आहे. हे आकलन अपुरे आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. विषय निवडण्याची मुभा आणि त्या निवडीचा परिणाम जाणून घेण्याची सोय या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली दुसरीच्या पुष्कळ आधी आली, आणि मधल्या काळाचे मोल ज्यांच्या घरी कोणी महाविद्यालय पाहिलेले नव्हते अशा मुलांना द्यावे लागले.

१

सार्वजनिक हायस्कुलाचा आरंभ १८२१ साली बोस्टन येथे झाला. अशा शाळांसाठी जनतेवर कर बसविता येतो, असा निर्णय मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७४ साली दिला, आणि त्यानंतर त्यांचा प्रसार वेगाने होऊ लागला. तथापि १८९० साली सुद्धा सार्वजनिक हायस्कुलांत सुमारे दोन लाखच विद्यार्थी होते. शाळाशाळांतील विषय आणि त्यांना दिलेला वेळ यांत कोणताही मेळ नव्हता. प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या अटीही निराळ्या असत.

या गोंधळाचा विचार करण्यासाठी राष्ट्रीय शिक्षण संघाने १८९२ साली दहा जणांची समिती नेमली. तिचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट हे होते. १८६९ पासून हार्वर्डचे अध्यक्षपद सांभाळताना त्यांनी तेथील सक्तीचा अभ्यासक्रम बहुतांशी मोडून ऐच्छिक विषयांची पद्धती रूढ केली होती. समितीने निरनिराळ्या विषयांसाठी नऊ परिषदा भरविल्या आणि १८९३ साली आपला अहवाल सादर केला. त्यात अभिजात भाषा, लॅटिन व विज्ञान, अर्वाचीन भाषा आणि इंग्रजी असे चार अभ्यासक्रम सुचविलेले होते. यांतील शेवटचे दोन व्यवहारात पहिल्या दोहोंहून हलक्या प्रतीचे ठरतील, अशी कबुलीही अहवालाने दिली होती, हे विसरता कामा नये. अहवालातील सर्वांत महत्त्वाचे तत्त्व मात्र वेगळेच होते. एखादा विषय शाळेत शिकविला जात असेल तर तो घेणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांस एकाच रीतीने शिकविला जावा; कोण महाविद्यालयात जाणार व कोण नोकरीधंद्यास लागणार, यावरून त्यांत भेद करू नये.

दहांपैकी पाच सदस्य महाविद्यालयांचे वा विद्यापीठांचे अध्यक्ष होते, या कारणाने पुढील टीकाकारांनी समितीवर उच्चशिक्षणाचे वर्चस्व लादल्याचा आरोप ठेवला. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु मुलाचा मार्ग चौदाव्या वर्षी कायमचा आखून टाकू नये, हा समितीचा आग्रह त्या आरोपाने खोटा ठरत नाही.

२

विषय परस्परांच्या जागी घेता यावेत, तर त्यांस समान माप हवे. १८९९ साली महाविद्यालय-प्रवेशाविषयीच्या समितीने काही 'स्थिर' विषय सर्वांस आवश्यक ठरवून उरलेल्या जागेत निवडीस वाव द्यावा, अशी शिफारस केली. परकीय भाषांची चार, गणिताची दोन, इंग्रजीची दोन, इतिहासाचे एक व विज्ञानाचे एक अशी दहा एकके तिने स्थिर मानली.

हे माप देशभर रूढ झाले ते मात्र शैक्षणिक चर्चेमुळे नव्हे. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरांचा निधी दिला. या निधीचा लाभ कोणत्या संस्थांना द्यावयाचा हे ठरविताना 'महाविद्यालय' कशाला म्हणावे, असा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी घातलेल्या अटींपैकी एक अशी होती की, प्रवेशार्थ्याने हायस्कुलात १४ एकके पूर्ण केलेली असावीत. एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तास. या कार्नेगी प्रतिष्ठानाच्या विश्वस्त मंडळाचे पहिले अध्यक्षही एलियट हेच होते.

वृद्ध अध्यापकांच्या निर्वाहाची तरतूद करताना किशोरवयीन मुलांच्या वेळापत्रकाचे माप निश्चित व्हावे, ही शिक्षणाच्या इतिहासातील एक विलक्षण घटना होय. तिचा परिणाम दुहेरी झाला. लॅटिनचे एक वर्ष आणि रसायनशास्त्राचे एक वर्ष हिशेबात सारखे ठरल्यामुळे नव्या विषयांना प्रतिष्ठा मिळाली आणि निवड शक्य झाली. परंतु एकक मोजते ते वर्गात घालविलेला काळ. ज्ञान नव्हे, आणि विषयांचा परस्परसंबंध तर नव्हेच. एककांची बेरीज पुरी झाली म्हणजे शिक्षण पुरे झाले, अशी समजूत येथूनच दृढ होत गेली.

३

१९३० पर्यंत सार्वजनिक हायस्कुलांतील विद्यार्थ्यांची संख्या ४० लाखांच्या वर गेली. एवढ्या समुदायाला एलियट यांच्या समितीचा अभ्यासक्रम पुरणार नाही, ही जाणीव त्यापूर्वीच बळावली होती. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसायशिक्षणास मध्यवर्ती सरकारचे साहाय्य मिळाले. १९१८ साली क्लॅरेन्स किंग्जली यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने आरोग्य, गृहजीवन, व्यवसाय, नागरिकत्व, फुरसतीचा सदुपयोग इत्यादी सात उद्दिष्टे मांडून विविध अभ्यासक्रम एकाच छपराखाली देणाऱ्या सर्वसमावेशक हायस्कुलाचा पुरस्कार केला.

निवडीचे क्षेत्र असे विस्तारत असता निवड कशी करावी हे सांगणारी यंत्रणा मात्र बाल्यावस्थेतच होती. फ्रँक पार्सन्स यांनी बोस्टन येथे व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय काढले ते १९०८ साली, आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. शाळांतील मार्गदर्शकांच्या शिक्षणासाठी व नेमणुकांसाठी मोठ्या प्रमाणावर मध्यवर्ती पैसा उपलब्ध झाला तो थेट १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने. तोही रशियाच्या स्पुटनिकने उडविलेल्या खळबळीनंतर. एककाचा नियम आणि हा कायदा यांच्यामध्ये अर्धशतक उलटले होते.

या उणिवेचे स्वरूप गणिताच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. बीजगणित, भूमिती, पुढील बीजगणित, त्यानंतर कलनशास्त्राची पूर्वतयारी व कलनशास्त्र, अशी पायऱ्यांची मांडणी अमेरिकन हायस्कुलात रूढ झाली. नवव्या इयत्तेत बीजगणित टाळणाऱ्या मुलाला कोणी अडवीत नसे. त्याचे एकक दुसऱ्या विषयाने भरून निघे. परंतु अभियांत्रिकीचा दरवाजा त्याच्यामागे हळूच लागलेला असे, आणि हे त्याला तीन वर्षांनी कळे. ज्याचे आईबाप महाविद्यालयात शिकलेले असत त्याला हे आधीच ठाऊक असे. नियम दोघांसही सारखाच होता. माहिती सारखी नव्हती.

४

येथे एका प्रयोगाचा निर्देश आवश्यक आहे. १९३० नंतरच्या दशकात सुमारे तीस शाळांना महाविद्यालयांनी प्रवेशाच्या ठराविक अटींतून मोकळे केले. त्या शाळांतून महाविद्यालयात गेलेल्या १,४७५ विद्यार्थ्यांची तुलना तशाच क्षमतेच्या व परिस्थितीच्या इतर शाळांतील तेवढ्याच विद्यार्थ्यांशी करण्यात आली. 'आठ वर्षांचा अभ्यास' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष १९४२ साली प्रकाशित झाला. प्रयोगशाळांतील विद्यार्थी मागे पडले नव्हते, किंबहुना किंचित पुढेच होते. मात्र या शाळांनी केवळ बंधने काढली नव्हती. प्रत्येक मुलाच्या अभ्यासाची आखणी शिक्षकांनी त्याच्याबरोबर बसून केली होती. युद्धाच्या धामधुमीत या निष्कर्षाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९५९ साली हार्वर्डचेच माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी हायस्कुलांची पाहणी करून जो ग्रंथ लिहिला त्यात दोन सूचना एकमेकींस जोडून आल्या आहेत. विद्यार्थ्यांवर 'महाविद्यालयीन' वा 'व्यावसायिक' असे शिक्के न मारता प्रत्येकाचा कार्यक्रम स्वतंत्रपणे आखावा, आणि त्यासाठी दर २५० ते ३०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ मार्गदर्शक असावा. पहिली सूचना दुसरीवाचून निरर्थक आहे, हे कोनंट यांनी ओळखले होते. १९८३ च्या राष्ट्रीय आयोगाला जे आढळले ते याचीच साक्ष देते. ना धड महाविद्यालयाच्या तयारीचा, ना धड व्यवसायाचा, अशा 'सामान्य' अभ्यासक्रमात शिकणाऱ्यांचे प्रमाण १९६४ मधील १२ टक्क्यांवरून १९७९ मध्ये ४२ टक्क्यांवर गेले होते. आयोगाचा उपाय होता आवश्यक विषयांची संख्या वाढविण्याचा. म्हणजे निवड शिकविण्यापेक्षा ती आकुंचित करण्याचा.

५

या इतिहासाशी आपला संबंध केवळ उपमेचा नाही. १९५२ साली डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगात अमेरिकेतील केनेथ विल्यम्स हे एक सदस्य होते. आयोगाने १९५३ साली मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान असे ऐच्छिक विषयांचे सात गट सुचवून बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली आणि मार्गदर्शनाच्या सोयीचीही शिफारस केली. शाळा निघाल्या, मार्गदर्शक त्या प्रमाणात निघाले नाहीत. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिल्या दहा वर्षांचे शिक्षण सर्वांस समान ठेवून निवड पुढे ढकलली. महाराष्ट्रात या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली, आणि कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांचा निर्णय अकरावीच्या उंबरठ्यावर आला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या शाखांमधील भिंती पुन्हा खाली आणण्याचा संकल्प केला आहे.

तो संकल्प स्वागतार्ह आहे. परंतु त्याचे मोजमाप करताना किती विषय यादीत आले एवढेच न पाहता, मुलाजवळ बसून त्या यादीचा अर्थ सांगणारी किती माणसे शाळेत आली, हेही पाहावे लागेल. यादी छापावयास एक परिपत्रक पुरते. माणूस तयार करावयास किती काळ लागतो, हे अमेरिकेच्या पन्नास वर्षांनी दाखवून दिले आहे.