कायदा होता, ऊब नव्हती : हार्लेमचा भाडेसंप आणि आपण

गरिबाचे घर गारठले की लोक म्हणतात, यंदा थंडी फार आहे. तोच हिवाळा श्रीमंताच्या दारातही येतो, पण त्याच्या घरात शिरत नाही. मग घरातली थंडी निसर्गाची की व्यवस्थेची? याचे उत्तर न्यूयॉर्कच्या हार्लेमने फार पूर्वी देऊन ठेवले आहे, आणि आंबेडकरी माणसाला ते चटकन ओळखीचे वाटेल.

1913 ते 1916 या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. विद्यापीठ टेकडीवर आहे. मॉर्निंगसाइड पार्कच्या पायऱ्या उतरल्या की खाली हार्लेम लागते. त्याच दशकात अमेरिकेच्या दक्षिणेतून कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडे येऊ लागली. शेतातली वेठ आणि झुंडींच्या हत्या मागे टाकून ती आली होती. पण शहरात त्यांना हवे तिथे घर मिळेना. गोऱ्यांच्या वस्त्यांमध्ये घरमालक आपापसांत लेखी करार करत, की हे घर काळ्या माणसाला विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही. आपल्याकडे असा करार कागदावर लिहावा लागत नाही. आडनाव विचारले की काम भागते.

जायला दुसरी जागा नाही म्हटल्यावर हार्लेमचे भाडे चढत गेले आणि डागडुजी थांबली. 1930 च्या दशकात गृहकर्जासाठी सरकारी नकाशे तयार झाले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या. लाल रंग म्हणजे इथे कर्ज देणे धोक्याचे. कर्ज नाही म्हणजे नवा बॉयलर नाही, नवे पाइप नाहीत, नव्या खिडक्या नाहीत.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. न्यूयॉर्कच्या अशा इमारतींत ऊब तळघरातून येते. तिथे बॉयलर असतो, त्यात पूर्वी कोळसा जळायचा, नंतर तेल. वाफ पाइपांतून वर चढते आणि प्रत्येक खोलीतला लोखंडी रेडिएटर तापतो. तळघराची किल्ली मालकाकडे. पाचव्या मजल्यावरच्या बाईने कितीही ठरवले तरी बॉयलर तिला पेटवता येत नाही. कोळसा भरायचा की नाही हे मालक ठरवतो आणि थंडी तिची मुले सोसतात. त्याहून जुन्या इमारतींत तर बॉयलरच नव्हता. नळाला फक्त गार पाणी, आणि ज्याने त्याने आपली शेगडी आणावी.

मग कुटुंबे काय करत? गॅसच्या ओव्हनचे दार उघडे ठेवून तो रात्रभर जळू द्यायचा. चुलीवर पाण्याची पातेली उकळत ठेवायची. खिडकीच्या फटींत चिंध्या आणि वर्तमानपत्रे कोंबायची, फुटक्या काचेला पुठ्ठा लावायचा. सगळ्यांनी एकाच खोलीत, अंगावर कोट घालून झोपायचे. जानेवारीत तिथले सरासरी तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असते. घरातली हवा जळक्या गॅसने कोंदायची. कधी पडद्याला आग लागायची, कधी विषारी वायूने माणसे झोपेतच मरायची.

आणि हिशेब पाहा. भाड्यात उबेचे पैसे धरलेलेच होते. ती मिळाली नाही म्हणून ओव्हन जाळायचा, त्याचे गॅसबिल वेगळे भरायचे. म्हणजे एकाच उबेसाठी गरिबाने दोनदा पैसे मोजायचे आणि तरीही कुडकुडायचे. वर मालक सांगत फिरणार, की या लोकांना घर नीट ठेवता येत नाही. हे वाक्य आपल्या वस्त्यांबद्दल किती वेळा ऐकले आहे, आठवून पाहा.

कायदा नव्हता असे नाही. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली, भाडेकरू संतापले, आणि 1918 मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने घर तापवणे ही मालकाची जबाबदारी ठरवली. दिवसा घरात 68 अंश फॅरनहाइट, म्हणजे 20 अंश सेल्सिअस, एवढी ऊब हवी. पुढची 45 वर्षे हा नियम हार्लेमच्या बहुतेक जिन्यांवर चढलाच नाही. तक्रार केली तर निरीक्षक उशिरा येई, आला तर नोंद करून जाई, खटला चाललाच तर किरकोळ दंड होई. दंड कोळशापेक्षा स्वस्त असेल तर मालक कोळसा कशाला घेईल?

इथे महाड आठवल्याशिवाय राहत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये केला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तळ्याचे पाणी मिळाले नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांसोबत हजारो माणसे स्वतः तळ्यावर चालत गेली, तेव्हा कागदावरच्या त्या हक्काला अर्थ आला.

हार्लेममध्ये ते पाऊल 1963 च्या नोव्हेंबरात पडले. जहाजांवर खलाशी म्हणून काम केलेला जेसी ग्रे हा कार्यकर्ता अनेक वर्षे इमारती-इमारतींतून भाडेकरूंना संघटित करत होता. मागणी साधी होती. ऊब नाही, गरम पाणी नाही, उंदीर मुलांना चावतात, मग भाडे कशाचे? काही इमारतींपासून सुरू झालेला भाडेसंप त्या हिवाळ्यात शेकडो इमारतींत पोहोचला. माल्कम एक्स यांनीही त्याला पाठिंबा दिला. डिसेंबरात भाडेकरू मेलेले उंदीर घेऊन कोर्टात गेले. पुरावा मागता ना, हा घ्या! न्यायाधीशांनी भाडे मालकाला न देता कोर्टात जमा करायला परवानगी दिली.

सगळे जिंकले असे मात्र मी सांगणार नाही. पुष्कळ मालकांनी दाद दिली नाही, कायद्याच्या बारकाव्यांत अनेक कुटुंबे हरली, आणि वर्षभरात संपाचा जोर ओसरला. पण 1965 मध्ये राज्याच्या कायद्यात तरतूद आली. इमारतीतले एक तृतीयांश भाडेकरू एकत्र येऊन कोर्टात गेले, तर त्यांचे भाडे मालकाऐवजी कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे जाईल आणि दुरुस्तीवर खर्च होईल. या तरतुदीत एकट्या भाडेकरूचा उल्लेख नाही, एक तृतीयांशांचा आहे. संघटनेला कायद्याने दिलेली ही कबुली होती. जेसी ग्रे पुढे 1972 मध्ये राज्याच्या विधानसभेवर निवडून गेला.

आपल्याकडे गरिबाच्या सोशिकपणाचे फार कौतुक होते. बघा, कसे दिवस काढले, तक्रार केली नाही! ओव्हन जाळून मुलांना जगवणाऱ्या आईचे कष्ट मोठेच होते, त्यापुढे मान झुकते. पण तिने एकटीने निभावून नेले तोवर मालकाचे काहीच बिघडले नाही. ज्या दिवशी तिने शेजारणीचे दार वाजवले, त्या दिवशी तळघरातल्या बॉयलरची चर्चा कोर्टात सुरू झाली.

हा इतिहास संपलेला नाही. 9 जानेवारी 2022 रोजी ब्रॉन्क्समधल्या एका उंच इमारतीत एका घरातल्या विजेच्या हीटरमुळे आग लागली. दारे आपोआप बंद झाली नाहीत, धूर जिन्यांत भरला आणि 17 माणसे गेली. त्यांतली 8 मुले होती. मृतांत पश्चिम आफ्रिकेतून, विशेषतः गांबियातून आलेली कुटुंबे होती. कडाक्याच्या थंडीत इमारतीची ऊब पुरत नाही, म्हणून घरोघरी हीटर लावावे लागतात, असे रहिवासी सांगत होते. 1918 चा नियम तेव्हाही पुस्तकात होताच.

1946 मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दुसऱ्याचा लढा त्यांनी अभ्यासासाठी मागवला. आपणही हार्लेम तसाच वाचावा. आपल्या वस्तीत रेडिएटर नाहीत. पण नळाला न येणारे पाणी आहे, गळके छप्पर आहे, पुनर्वसनाच्या इमारतीतली बंद लिफ्ट आहे. त्यांचे नियमही कुठल्या तरी फायलीत आहेत. ते वाचा, मग शेजारच्या दाराची कडी वाजवा.

जय भीम!